अर्ज पहिल्या नोव्हेंबरचा, गुण अकरावीचे

हैदराबादच्या लिबर्टी चौकातून नारायणगुड्याकडे निघालेला हिमायतनगरचा मुख्य रस्ता फार लांब नाही. मात्र त्यावरील आणि त्याला फुटलेल्या गल्ल्यांतील पाट्या वाचत गेल्यास अर्ध्या जगाचा नकाशा पुरा होतो. खाली सराफांची व कापडाची दुकाने, मध्येच तिरुमला तिरुपती देवस्थानचे मंदिर आणि वरच्या मजल्यांवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया येथील शिक्षणासाठी मार्गदर्शन करणाऱ्या कन्सल्टन्सी. सातव्या निजामाचे थोरले पुत्र हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह यांचे नाव या वस्तीला आहे. हिमायतसागर तलावही त्यांच्याच नावाचा. (नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुका वेगळा. निजामी राज्याची खूण म्हणून नाव तेवढे एक.) वस्तीला लागून असलेल्या नारायणगुड्यात न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली केशव मेमोरियल शिक्षणसंस्था आहे. म्हणजे शिक्षणाची पाटी या परिसराला नवी नाही आणि मराठी माणसाचा हातही तिला नवा नाही.

गेल्या काही वर्षांत या वरच्या मजल्यांचे जिने चढणाऱ्यांत एक नवा वर्ग आला आहे. अभियांत्रिकीची पदवी हातात घेऊन एमएससाठी येणारा तरुण तेथे नेहमीचाच. आता अकरावी-बारावीतील मुले आणि त्यांचे पालक येऊ लागले आहेत. त्यांच्या मनात एकच विद्यापीठ पक्के असते, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी किंवा ब्राऊन, आणि तोंडी एक प्रश्न असतो: ‘अर्ली’ अर्ज केला तर संधी वाढते का? हाच प्रश्न पणजी, मडगाव आणि फोंड्यातील उच्च माध्यमिक विद्यालयांतही विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही आणि जे देतात त्यांच्यापासून थोडे सावध राहिलेले बरे.

आधी हा नवा वर्ग जुन्यापेक्षा वेगळा कसा, ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांची गणती दरवर्षी ‘ओपन डोअर्स’ अहवालात प्रसिद्ध होते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात तेथे भारताचे ३,३१,६०२ विद्यार्थी होते. त्यांपैकी १,९६,५६७ पदव्युत्तर शिक्षण घेत होते. पदवी शिक्षण घेणारे होते अवघे ३६,०५३. उरलेल्यांत मोठा भाग शिक्षण संपवून प्रशिक्षणाच्या नावाने नोकरी करणाऱ्यांचा. हैदराबादची सारी व्यवस्था या पहिल्या, मोठ्या प्रवाहावर घडली आहे. सत्या नडेला बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमधून मणिपालला गेले आणि तेथून विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी केंद्रात. त्याच शाळेचे शंतनू नारायण यांनी उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन ओहायोतील बोलिंग ग्रीन गाठले. दोघांनीही कोणा स्वप्नातल्या विद्यापीठाला बारावीत लवकर अर्ज केला नव्हता. त्यांची वाट पदवीनंतरची होती आणि ती आजही रुंद आहे.

एमएसच्या वाटेवर पदवीचे गुण, इंग्रजीची परीक्षा, क्वचित जीआरई, बँकेचे कर्ज आणि व्हिसा एवढे टप्पे असतात. त्यांतील प्रत्येक टप्पा कन्सल्टन्सीला पाठ असतो. (व्हिसाच्या टप्प्यावर चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालून नवस बोलण्याची आणि व्हिसा मिळाल्यावर एकशे आठ घालण्याची प्रथाही या शहराने निर्माण केली आहे. त्या देवाला ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात.) पदवीच्या निवडक प्रवेशाची वाट निराळी आहे. तेथे अर्जदाराइतकीच त्याची शाळा तपासली जाते.

‘लवकर’ या शब्दाचे तीन अर्थ

अमेरिकेतील बहुतेक निवडक विद्यापीठांची नियमित मुदत जानेवारीच्या पहिल्या दिवसांत संपते आणि निकाल मार्चअखेरीस लागतो. लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबरला संपते आणि निकाल डिसेंबरच्या मध्यास येतो. परंतु या फेरीचे तीन प्रकार आहेत आणि हिमायतनगरात काय किंवा म्हापशात काय, सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

पहिला प्रकार ‘अर्ली डिसिजन’. हा साखरपुडा आहे. एकाच विद्यापीठाला असा अर्ज करता येतो, आणि होकार आला की अन्य सर्व ठिकाणचे अर्ज मागे घ्यावे लागतात. अर्जासोबत विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्यांचा करार जोडावा लागतो. कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया, ब्राऊन, कॉर्नेल, डार्टमथ, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न ही विद्यापीठे या पद्धतीची.

दुसरा ‘अर्ली ॲक्शन’. येथे स्थळाकडून होकार लवकर कळतो, पण आपण उत्तर १ मेपर्यंत राखून ठेवू शकतो. एमआयटी, तसेच पर्ड्यू, इलिनॉय यांसारखी सरकारी विद्यापीठे या वर्गात येतात. असे अर्ज एकाहून अधिक ठिकाणी करता येतात.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा. होकार बंधनकारक नाही, मात्र त्याच वेळी अन्य खासगी अमेरिकी विद्यापीठांत लवकरचा अर्ज करण्यास मनाई. सरकारी विद्यापीठे आणि परदेशी विद्यापीठे यांना या मनाईतून सूट आहे. म्हणजे हार्वर्डला नोव्हेंबरमध्ये अर्ज करणारा विद्यार्थी त्याआधी ऑक्सफर्डला अर्ज करू शकतो; कोलंबियाला ‘अर्ली डिसिजन’ने मात्र करू शकत नाही. हा भेद न समजल्यामुळे दोन्हीकडे अर्ज पाठवून बसणे म्हणजे दोन्ही अर्ज धोक्यात घालणे होय.

विद्यापीठांना हे हवे असते, कारण त्यांनाही अनिश्चिततेची भीती असते. दोन हजार जागांसाठी किती जणांना होकार द्यावा म्हणजे नेमके दोन हजार येतील, हे कोडे प्रत्येक प्रवेश कार्यालयाला सोडवावे लागते. साखरपुडा केलेला विद्यार्थी येणारच, हे ठाऊक असल्याने त्या जागेचा हिशेब डिसेंबरातच मिटतो. या खात्रीच्या बदल्यात विद्यापीठ निकष थोडे सैल करते, असा संशय पालकांना पूर्वीपासून होता. ख्रिस्तोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आकडेवारीने त्याला दुजोरा दिला. लवकर अर्ज करण्याचा फायदा एसएटी परीक्षेत सुमारे १०० गुण अधिक मिळवण्याइतका असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. श्रीमंत आणि माहितीसंपन्न घरांतील मुलेच या फेरीचा लाभ घेतात, अशी टीका वाढली तेव्हा हार्वर्डने २००६ मध्ये ही फेरी बंद करण्याचे जाहीर केले. प्रिन्स्टननेही तेच केले. इतर बहुतेकांनी मात्र अनुकरण केले नाही, आणि २०११ मध्ये दोघांनी ती पुन्हा सुरू केली. टीका खोटी ठरली म्हणून नव्हे. चांगले विद्यार्थी आधीच दुसरीकडे जाऊ लागले म्हणून.

टक्केवारी कशी वाचावी

कन्सल्टन्सीच्या माहितीपत्रकात हमखास दिसणारे आकडे असे असतात. २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डकडे लवकरच्या फेरीत ७,९२१ अर्ज आले आणि ६९२ जणांना होकार मिळाला. प्रमाण पावणेनऊ टक्के. त्या वर्षीचे एकूण अर्ज ५४,००८ आणि एकूण होकार १,९३७. प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या किंचित वर. लवकरचे बाजूला काढले तर नियमित फेरीचे प्रमाण पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येते. पावणेनऊ विरुद्ध पावणेतीन: तिप्पट संधी, असे सांगून फाइल उघडली जाते.

आकडे खरे आहेत, त्यांचा अर्थ मात्र तसा नाही. लवकरच्या फेरीत कोण असतात हे पाहिल्याशिवाय प्रमाणाला मोल नसते. विद्यापीठाच्या क्रीडा प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले, देणगीदारांशी संबंधित घरे यांचे अर्ज मोठ्या प्रमाणावर याच फेरीत येतात. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला, त्याच्या सुनावणीत या गटांना मिळणारे झुकते माप उघड झाले होते. हिमायतनगरातील किंवा वाळपईतील विद्यार्थी यांपैकी कोणत्याही गटात बसत नाही. शिवाय तो परदेशी अर्जदारांत मोजला जातो आणि तेथील स्पर्धा सरासरीहून कडवी असते. त्याच्यासाठी पावणेनऊ हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. फायदा काहीच नाही असे नाही. तो ‘अर्ली डिसिजन’च्या विद्यापीठांत अधिक असतो, कारण खात्री तेथे विकत घेतली जाते. हार्वर्डसारख्या ठिकाणी तो पुष्कळ कमी.

अकरावी

आता मूळ अडचण. गोव्यात आणि महाराष्ट्रात अकरावी हे दोन बोर्डांच्या मधले विश्रांतीचे वर्ष समजले जाते. दहावीचा ताण उतरलेला असतो, बारावीचा यायचा असतो. महाविद्यालयाची नवी हवा असते, शिकवणीचे वर्ग वेगळे. अकरावीचे गुण पुढे कोणी विचारत नाही, हा सार्वत्रिक समज भारतीय प्रवेशपद्धतीपुरता बराचसा खराही आहे. १ नोव्हेंबरला अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तो उलटा पडतो. त्या दिवशी बारावीचे जेमतेम एक सत्र झालेले असते. विद्यापीठापुढे पूर्ण वर्षाचे म्हणून जे शेवटचे गुण जातात ते अकरावीचे. ज्या वर्षी कोणी पाहत नाही असे मुलाला वाटत होते, नेमके तेच वर्ष पाहिले जाते.

तेलंगणात या बाबतीत थोडा फरक आहे. तेथे दहावीनंतर ज्युनिअर कॉलेजात इंटरमीजिएटची दोन वर्षे असतात आणि दोन्ही वर्षांच्या परीक्षा बोर्ड घेते. त्यामुळे पहिल्या वर्षाचे गुण शिक्क्यासह हाती असतात. दुसरी अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. अर्जात नववी ते बारावी अशा चार वर्षांचा आलेख मागितला जातो. अमेरिकेत ही चार वर्षे एकाच शाळेत जातात; आपल्याकडे दहावीनंतर शाळा बदलते. नववी-दहावीच्या गुणपत्रिका एका संस्थेकडे, अकरावी-बारावीच्या दुसरीकडे. दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या शाळेच्या कार्यालयात जाऊन नववीची सत्रनिहाय गुणपत्रिका मागणे, हा अर्जाचा सर्वात कंटाळवाणा आणि सर्वाधिक वेळ खाणारा भाग असतो.

त्यानंतर येते शिफारसपत्र. दोन शिक्षकांची पत्रे, समुपदेशकाचे एक पत्र, शाळेची ओळख सांगणारे टिपण, बारावीत किती गुण मिळतील याचा अंदाज. हे सर्व शाळेने स्वतः ऑनलाइन पाठवायचे असते. विद्यार्थ्याच्या हाती द्यायचे नसते. ज्या उच्च माध्यमिक विद्यालयात समुपदेशक हे पदच केवळ कागदोपत्री आहे, तेथे हे काम प्राचार्यांवर किंवा एखाद्या उत्साही शिक्षिकेवर येते. आपल्याकडची शिफारसपत्रे बहुधा चारित्र्याच्या दाखल्यासारखी असतात: सदर विद्यार्थी आमच्या माहितीप्रमाणे सुस्वभावी, कष्टाळू व शिस्तप्रिय असून त्यास उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. असे पत्र वाचून प्रवेश अधिकाऱ्याला काहीही कळत नाही. मुलाने वर्गात कोणता प्रश्न विचारला, प्रयोग फसल्यावर काय केले, दुसऱ्याला शिकवताना तो कसा वागला, असे काहीतरी तेथे अपेक्षित असते. ते लिहिण्यासाठी शिक्षकाने मुलाला ओळखलेले असावे लागते. हैदराबादच्या मोठ्या ज्युनिअर कॉलेजांत जेईईच्या तुकड्या इतक्या भरगच्च असतात की शिक्षकाला हजेरी क्रमांकापलीकडे काही ठाऊक असण्याची शक्यता कमी. गोव्यातील लहान वर्ग या एका बाबतीत खरोखर वरचढ आहेत, आणि या लाभाची जाणीव फारशी कोणाला नाही.

शाळेचे वजन किती असते, याचे जुने उदाहरण गोव्याचेच आहे. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली ग्रंथांच्या संपादनासाठी १९१० मध्ये हार्वर्डला गेले. १९१८ च्या दुसऱ्या फेरीत त्यांनी मुलगा दामोदर याला बरोबर नेले. कोसबे येथे १९०७ मध्ये जन्मलेले हे दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. त्यांची बुद्धी वादातीत होती. परंतु ते हार्वर्डला पोहोचले ते गोव्यातील किंवा पुण्यातील शाळेतून नव्हे, तर विद्यापीठाच्या शेजारच्याच केंब्रिज लॅटिन स्कूलमधून. ज्या शाळेचा गुण म्हणजे काय, हे हार्वर्डला समजावून सांगावे लागत नव्हते. शाळेच्या ओळखीचे टिपण आज जे काम करते, ते तेव्हा भूगोलाने केले.

पैशाचा कलम

‘अर्ली डिसिजन’चा करार वाचताना पालकांची नजर बहुधा सह्यांच्या जागेवर असते, खर्चाच्या ओळीवर नसते. हार्वर्डचा २०२४-२५ चा सर्व मिळून वार्षिक खर्च सुमारे ८३ हजार डॉलर होता, म्हणजे त्या वेळच्या दराने ७० लाख रुपयांच्या आसपास. चार वर्षांचे पावणेतीन कोटींपर्यंत जातात. अन्य खासगी विद्यापीठे याहून फारशी स्वस्त नाहीत. ही रक्कम ज्यांना सहज परवडते त्यांच्यासाठी साखरपुड्यात गमावण्यासारखे काही नाही. ज्यांना परवडत नाही त्यांचे गमावण्यासारखे एकच, पण मोठे असते: तुलना. नियमित फेरीत चार विद्यापीठांचे होकार आले तर चार मदतपत्रके शेजारी ठेवून कोण किती देतो हे पाहता येते. बंधनकारक फेरीत पत्रक एकच येते.

येथे दोन संज्ञा समजून घ्याव्या लागतात. काही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याने आर्थिक मदत मागितली आहे की नाही हे पाहतच नाहीत, आणि निवड झाल्यास त्याची पूर्ण गरज भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही त्यांतील ठळक नावे. ब्राऊन २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून या यादीत आले. बाकीची बहुसंख्य विद्यापीठे, त्यांत स्टॅनफर्ड, कोलंबिया आणि कॉर्नेलही आली, मदत मागणाऱ्या परदेशी अर्जदाराचा विचार करताना ती मागणी लक्षात घेतात. तेथे मदत मागितल्याने संधी कमी होते. आणि अर्जाच्या वेळी न मागता प्रवेशानंतर मागू म्हटले तर अनेक ठिकाणी दार बंद असते. मध्यमवर्गीय घरातील मुलाने साखरपुडा करायचाच असेल तर तो डार्टमथ, ब्राऊन, ॲमहर्स्ट, बोडन यांसारख्या ठिकाणी करणे शहाणपणाचे. तेथे बंधन आहे, पण गरज भागवण्याचे आश्वासनही आहे. मिळालेली मदत खरोखर अपुरी असेल तर करारातून मुक्त होता येते. मात्र ‘आम्हाला वाटले होते आणखी मिळेल’ हे कारण म्हणून पुरत नाही. आपल्या उत्पन्नावर अंदाजे किती मदत मिळेल हे सांगणारे गणनयंत्र प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. ते ऑगस्टमध्ये वापरावे, डिसेंबरमध्ये नव्हे.

मदतीच्या अर्जात घराची सारी मांडणी उघडी करावी लागते: आयकर विवरणपत्रे, घर, जमीन, भावंडांची फी. पगारदाराला हे सोपे जाते. वडील तारवटी असतील आणि पगार परदेशी कंपनीकडून कराराच्या महिन्यांपुरताच येत असेल, किंवा घर एकत्र कुटुंबाचे असून त्याचे वाटप झालेले नसेल, तर प्रत्येक गोष्टीचे स्पष्टीकरण लिहावे लागते. गोव्यात अशी घरे कमी नाहीत.

सरकारी शिष्यवृत्तीचा आधार येथे जवळजवळ नाही. तेलंगणाची आंबेडकर ओव्हरसीज विद्यानिधी, महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, गोव्याची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना या सर्वांचा रोख पदव्युत्तर शिक्षणावर आहे. बारावीनंतर थेट जाणाऱ्याला विद्यापीठाची स्वतःची मदत, घरची पुंजी किंवा कर्ज एवढेच मार्ग उरतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जयोजनेची चौकशी अवश्य करावी, मात्र चार वर्षांचा अमेरिकी खर्च त्या एका कर्जात बसेल अशी अपेक्षा धरू नये.

ब्रिटनचा पर्याय अनेकांना सुटसुटीत वाटतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर. दोहोंपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि खेळ, समाजसेवा, नाट्य यांपेक्षा निवडलेल्या विषयातील गतीला महत्त्व असते. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोमंतकीय कुटुंबांत अजूनही एक समज आढळतो की त्या पासपोर्टावर तेथे स्थानिक शुल्क लागते. ब्रेक्झिटनंतर, ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी, युरोपीय नागरिकत्वाला ती सवलत राहिलेली नाही. अमेरिकेत तर तो पासपोर्टही परदेशीच.

वरच्या मजल्यावर काय मिळते

हिमायतनगरच्या कन्सल्टन्सीकडे परत यायचे तर त्यांचा धंदा समजून घेतला पाहिजे. ज्या ठिकाणी सल्ला मोफत मिळतो तेथे उत्पन्न बहुधा परदेशी विद्यापीठांकडून येते. विद्यार्थी दाखल झाला की दलाली. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु अत्यंत निवडक विद्यापीठे अशी दलाली देत नाहीत. म्हणून मोफत सल्ल्याच्या टेबलावर हार्वर्डची चर्चा सुरू होते आणि सही मात्र भलत्याच विद्यापीठाच्या अर्जावर होते. शुल्क घेणारे सल्लागार वेगळे. ते वेळापत्रक लावून देतात, विद्यापीठांची यादी करतात, निबंधाचे मसुदे वाचून शेरे मारतात. हे सर्व उपयोगी आहे. निबंध लिहून देतो असे कोणी म्हटले तर मात्र उठून यावे. ‘कॉमन ॲप’वर अर्ज पाठवताना मजकूर आपलाच असल्याचे विद्यार्थी लिहून देतो, आणि ते खोटे असल्याचे उघड झाले तर दिलेला प्रवेशही रद्द होतो. ६५० शब्दांची मर्यादा असलेला तो निबंध सतरा वर्षांच्या मुलाने लिहिल्यासारखा वाटणे हाच त्याचा गुण. अमेरिकी परराष्ट्र खात्याची ‘एज्युकेशन-यूएसए’ ही सल्लासेवा निःपक्ष आहे. तिची चौकशी आधी केलेली बरी.

खरे तर या कामाला पैशापेक्षा दिनदर्शिका जास्त लागते. एसएटी पुन्हा सक्तीची झाली आहे: एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल, ब्राऊन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये तसे जाहीर केले. लवकरच्या अर्जासाठी ती ऑक्टोबरपर्यंत संपलेली हवी, म्हणजे पहिला प्रयत्न अकरावीच्या उत्तरार्धात. ‘कॉमन ॲप’चा नवा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो. शिक्षकांना पत्रासाठी विनंती करण्याची योग्य वेळ अकरावी संपताना, बारावीच्या दिवाळीत नव्हे. कारण दिवाळी आणि पहिली नोव्हेंबर एकमेकींच्या अंगावर येतात. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन नेमके १ नोव्हेंबरला होते. गोव्यातील शाळा दिवाळीच्या सुटीत असताना, नरकासुर जाळून परतलेल्या कारकुनाकडून गुणपत्रिकेची प्रत मिळवणे ही एसएटीहून अवघड परीक्षा असू शकते.

निकाल डिसेंबरच्या मध्यास येतो, भारतीय वेळेप्रमाणे बहुधा पहाटे. त्यात होकार आणि नकार यांखेरीज तिसरे उत्तर असते: अर्ज पुढे ढकलला, म्हणजे नियमित फेरीत त्याचा पुन्हा विचार होईल. तसे झाल्यास बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण शाळेने जानेवारी-फेब्रुवारीत पाठवायचे असतात. नकार आला तर बाकीच्या विद्यापीठांच्या मुदतीला जेमतेम दोन आठवडे उरतात. हैदराबादेत त्याच दिवसांत जेईई मेनच्या जानेवारीतील सत्राची तयारी टोकाला पोहोचलेली असते. गोव्यात नाताळची सुटी लागते आणि शाळेचे कार्यालय नव्या वर्षातच उघडते. त्यामुळे नियमित फेरीसाठी लागणारी पत्रे व गुणपत्रिका, लवकरच्या निकालाची वाट न पाहता, २० डिसेंबरपूर्वी शाळेकडून पाठवून घेणे आवश्यक ठरते.